जन्मठिकाणाचा रकाना

“टाच आधी टाकू नका, मॅडम. अख्खा पाय ठेवा. तव्यावर भाकरी टाकतो ना, तसा.”

रोशनारा माझ्यापुढे चार पावलं होती आणि मागे न बघता बोलत होती. मी तिच्या पावलांवर पाऊल ठेवायचा प्रयत्न करत होते. आमच्या चारी बाजूंना राख होती. वीज केंद्रातून पाण्याबरोबर पाइपाने येणारी राख या तळ्यात साठते, उन्हाने पाणी आटतं आणि वर दोन बोटं जाडीची खपली धरते. खपली दिसते दगडासारखी. तिच्याखाली गुडघाभर गाळ असतो.

“वजन एका जागी पडलं की फुटते,” ती म्हणाली. “आमच्यातली नवी बाई पहिल्या दिवशी हमखास फसते. मग सगळ्या हसतात.”

“दाब,” मी म्हणाले. “वजन तेवढंच राहतं. क्षेत्रफळ वाढलं की दाब कमी होतो.”

“तेच ते,” रोशनारा म्हणाली.

पलीकडच्या बांधावरून प्रणित ओरडला, “मॅडम, चंद्रावर आल्यासारखं वाटतंय की नाही?”

“चंद्रावर गाळ नसतो.”

“बघ भो,” तो कॅमेरावाल्याला म्हणाला, “म्हणून आणलं मॅडमना. आपण चंद्रावर चिखल दाखवला असता आणि अख्ख्या जिल्ह्याने टाळ्या वाजवल्या असत्या.”

ही नऊ वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट. मी भुसावळजवळच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. प्रणित वारके माझा जुना विद्यार्थी. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडून तो पुण्याला गेला आणि तीन वर्षांनी एक कॅमेरा आणि दाढी घेऊन परत आला. त्याला वीस मिनिटांची फिल्म करायची होती. दोन ग्रह. एक राखेचा, जिथे आता काही उगवत नाही. दुसरा निळा, ज्याने आपली दारं बंद केली आहेत. राखेच्या ग्रहावरची माणसं चोरून निळ्या ग्रहावर येतात, तिथल्या लोकांची कामं करतात आणि एक दिवस पडताळणी सुरू होते. विज्ञानाच्या चुका होऊ नयेत म्हणून त्याने मला बोलावलं होतं. मी आनंदाने गेले. माझ्या विषयातलं काही विचारायला कॉलेजबाहेरून कोणी आल्याची ती पहिलीच वेळ होती.

राखेच्या ग्रहावरची माणसं म्हणून त्याने तळ्याशेजारच्या वीटभट्टीवरचे कामगार घेतले होते. अकरा जण. ते याच राखेच्या विटा पाडायचे. कोणी ओडिशातले, कोणी बिहारमधले. रोशनारा आणि तिचा नवरा मोतालेब बंगालमधले. बारा वर्षं ते या भट्टीवर होते. मोतालेब अजून हिंदीच बोलायचा. रोशनाराचं मराठी मात्र स्वच्छ होतं, वाचताही येऊ लागलं होतं. मुलीच्या शाळेच्या पुस्तकावरून ती शिकली होती. मुलगी मर्जिना जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत होती आणि त्या महिन्यात शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार होती.

“ती म्हणते, अम्मी, तू टीव्हीत दिसशील,” रोशनाराने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. “म्हटलं, दिसते. चांदीचे कपडे घालून दिसते.”

चांदीचे कपडे म्हणजे औषधांच्या गोदामातून आणलेला चंदेरी कागद होता. डोक्यावर रंगाचे रिकामे डबे, पुढून कापून काचेसारखं प्लास्टिक लावलेले. मोतालेबच्या डब्यावरचं कंपनीचं नाव नीट खरवडलं गेलं नव्हतं. प्रणित म्हणाला, “राहू द्या. परग्रहावरही रंगकाम असतंच.”

मोतालेब हसला नाही. त्याला हे सगळं मुळातच नको होतं. त्या वर्षी आमच्या तालुक्यात परप्रांतातून आलेल्या कामगारांची तपासणी चालू होती. शेजारच्या भट्टीवरून दोन कुटुंबं नेली होती आणि ती परत आली नव्हती. ती कुठे गेली ते मुकादमालाही माहीत नव्हतं. रोशनाराकडे आधार कार्ड होतं, रेशनचं कार्ड होतं, पण तपासणीवाले जन्माचा दाखला मागत होते. तो तिच्याकडे नव्हता. तिच्या वडिलांचं घर नदीत गेलं तेव्हा घरातले सगळे कागद गेले होते.

हे ती मला सांगत होती आणि मी मान हलवत होते. मला ते सगळं कळलं होतं. हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढे मी कधीच असं म्हणू शकणार नाही की मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागदाचा प्रश्न निघाला. फिल्ममध्ये निळ्या ग्रहाच्या वेशीवर एक कारकून बसतो आणि प्रत्येकाचा अर्ज भरून घेतो. प्रणितने कोऱ्या कागदावर काहीतरी गिरगटून आणलं होतं.

“कॅमेरा कागदाच्या किती जवळ जाणार?” मी विचारलं.

“एकदम जवळ. शिक्का पडताना दाखवायचंय.”

“मग हे चालणार नाही. हा कागद खोटा आहे हे लगेच दिसतं.”

“मॅडम, खोटाच आहे की.”

“दिसता कामा नये.”

मी घरी गेले आणि दुपारपर्यंत अर्ज तयार केला. आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचे रहिवासाचे दाखले येतात, त्यांची मांडणी मला पाठ होती. वर मध्यभागी शीर्षक, डावीकडे फोटोची चौकट, मग अनुक्रमांक घातलेले रकाने. नाव. वडिलांचं नाव. जन्मवर्ष. जन्मठिकाण: गाव, तालुका, जिल्हा. येथे कधी आलात. कोणाबरोबर. खाली अंगठ्याची जागा. शिक्कासुद्धा करून घेतला. बाजारातल्या शिक्केवाल्याने विचारलं, काय लिहू. मी म्हणाले, गोल हवा, कडेने ‘पडताळणी विभाग’ आणि मध्ये तारखेची जागा.

प्रणितने कागद हातात घेतला आणि शीळ घातली. “मॅडम, हा तर तहसीलमधून आल्यासारखा वाटतो. पण यात ग्रह कुठंय?”

“ग्रह हा फार ढोबळ शब्द आहे. कारकून ग्रह विचारत नाही. गाव विचारतो.”

“मॅडम,” तो म्हणाला, “तुम्ही फिल्म लाइनमध्ये यायला पाहिजे होतं.”

मला ते ऐकून किती बरं वाटलं होतं, ते आठवतं.

अर्जांत काय भरायचं यावरही मीच बोलले. प्रणित म्हणाला, नावं-गावं बनवून टाकू, गंमत येईल. मी म्हणाले, ही माणसं नट नाहीत. पाठ केलेलं गाव सांगताना अडखळतील. स्वतःचं गाव सांगताना माणूस अडखळत नाही. त्याला ते पटलं. मग भट्टीच्या शेडखाली, विटांच्या थप्पीवर फळी टाकून मी बसले आणि एकेकाचा अर्ज भरू लागले. प्रयोगवहीत रिकामा रकाना ठेवला तर मी विद्यार्थ्याची वही परत देते. अकरा अर्जांत मी एकही रकाना रिकामा ठेवला नाही.

मोतालेबची पाळी आली तेव्हा तो उभाच राहिला.

“मॅडमजी, नाम मत लिखिए. कागज पर नाम आया तो आदमी पकड़ में आया.”

“अरे, सिनेमा आहे हा,” रोशनारा म्हणाली. “मॅडम लिहीत आहेत. सरकार नाही लिहीत.”

“कागज को क्या पता कौन लिख रहा है?”

“याला सगळ्यात भुतं दिसतात,” ती मला म्हणाली. “लग्नात फोटोसुद्धा काढू देत नव्हता. लिहा तुम्ही. आधी माझं लिहा.”

मी तिचं नाव लिहिलं. वडिलांचं नाव. जन्मवर्ष १९८१, कारण त्या वर्षी मोठा पूर आला होता असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. जन्मठिकाण तिने न अडखळता सांगितलं. चर शोनादिघी, जिल्हा मुर्शिदाबाद.

“चर म्हणजे?”

“नदीतून वर आलेली जमीन. पद्मा नदी फिरत असते, मॅडम. इकडची जमीन खाते, तिकडे टाकते. आमचं गाव चांगलं मोठं होतं. मशीद होती, शाळा होती. मी मर्जिनाएवढी झाले तोपर्यंत अर्धं खाल्लं तिने. मग सगळंच. नंतर तीच माती पलीकडच्या काठाला निघाली. नाव तेच ठेवलं लोकांनी.”

“म्हणजे आता ते गाव पलीकडे आहे?”

“नावाचं गाव पलीकडे आहे. आमचं गाव इकडे होतं.”

मी मोबाइल काढला. नकाशात नाव टाकलं. बराच वेळ गोल फिरत राहिलं, भट्टीवर रेंज कमी होती. मग नदी आली, नदीत ठिपक्यांची सीमारेषा आली, आणि रेषेच्या पलीकडे, बारीक अक्षरात, ते नाव आलं. मी बोटांनी मोठं करून पाहिलं. दोनदा पाहिलं. मग ‘जिल्हा मुर्शिदाबाद’ या शब्दांवर एक सरळ रेघ मारली, प्रयोगवहीत मारतात तशी, खालचं वाचता येईल अशी, आणि वर लिहिलं: सीमेपलीकडे.

रोशनाराने मान वाकवून वाचलं. ती एकेक अक्षर ओठांनी म्हणायची. “सी-मे-प-ली-क-डे.” मग माझ्याकडे पाहिलं. “असं लिहायचं?”

“नकाशात तसंच आहे.”

“आत्ताच्या नकाशात ना?”

“सिनेमातलाच कागद आहे,” मी म्हणाले. “पण चूक कशाला ठेवायची?”

मोतालेब तिला बंगालीत काहीतरी म्हणाला. तिने त्याला हातानेच गप्प केलं.

“मॅडम शिकलेल्या आहेत,” ती म्हणाली आणि अंगठा शाईत बुडवला. सही करता येत असूनही. अंगठ्याची चौकट मीच ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी वेशीचा प्रसंग होता. कारकुनाचं काम करणारा जळगावचा नट आलाच नाही, त्याच्या सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. प्रणितने डोक्याला हात लावला, दोन चकरा मारल्या आणि मग माझ्यासमोर उभा राहिला.

“मॅडम, तुम्ही बसा.”

“मी? मला अभिनय येत नाही.”

“करूच नका. काल शेडखाली बसला होता तसंच बसा. तेच विचारा. फक्त शिक्का जोरात मारा.”

राखेच्या मधोमध एक टेबल ठेवलं होतं. टेबलामागे मी, पांढरा कोट घालून. समोर चंदेरी कागदातल्या माणसांची रांग. डबे काखेत घेऊन उभी. उन्हाने राख चमकत होती आणि खरंच, एका क्षणी मला ते दुसऱ्या कुठल्या ग्रहावरचं वाटलं. रोशनारा सगळ्यांत पुढे होती.

“जन्मठिकाण?”

संवादाप्रमाणे तिने म्हणायचं होतं, ‘राखेचा ग्रह, तिसरी वसाहत.’ ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “गाव तिथंच होतं, साहेब. नदी फिरली.”

प्रणितने थांबवलं नाही. त्याने फक्त कॅमेरावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “आता कुठे आहे ते सांगा.”

“आता पाण्यात आहे.”

“पाण्यात हे ठिकाण नाही.”

मी शिक्का मारला. टेबल हललं आणि राखेचा बारीक धूर उठला.

“कट!” प्रणित ओरडला, आणि धावत आला, आणि माझ्या पाया पडला. “मॅडम! काय कारकून वठवलाय! अंगावर काटा आला, बघा, बघा.” त्याने खरंच हात पुढे करून दाखवला. भट्टीवरचे लोक टाळ्या वाजवत होते. रोशनारासुद्धा हसत होती. “मला भीती वाटली हो,” ती म्हणाली. “म्हटलं, मॅडमना झालं काय?”

चारच्या सुमाराला बांधावर जीप थांबली. वीज केंद्राच्या पहारेकऱ्याने कळवलं असणार, राखेवर चंदेरी माणसं फिरताहेत म्हणून. आमच्याकडे परवानगीचं पत्र होतं. प्रणितने ते दाखवलं. फौजदार चाळिशीचे, अंगाने बारीक, बोलायला हसतमुख होते. त्यांनी पत्र वाचलं, खुर्ची मागवली, एक शॉट पाहिला. मोतालेबच्या डब्यावर टिचकी मारून म्हणाले, “यात श्वास घेता येतो का रे?” सगळे हसले. त्यांच्या शिपायाने डबा घालून फोटो काढून घेतला.

मग त्यांनी टेबलावरची फाइल उचलली.

ते एकेक अर्ज सावकाश उलटत गेले. आधी करमणूक म्हणून, मग तसं नाही. सातव्या-आठव्या कागदावर थांबले. त्यांनी तो बाहेर काढला.

“रोशनारा कोण?”

रोशनारा पुढे आली. चंदेरी कागद तिच्या अंगावर चुरचुर वाजत होता.

“जन्म सीमेपलीकडे?”

“नाही साहेब. मी तसं नव्हतं सांगितलं. माझं गाव इकडेच होतं. नदीनं...”

“इथे लिहिलंय. खाली अंगठा कोणाचा?”

“माझा.”

“नवरा कुठाय?”

मोतालेब आपोआप पुढे आला. त्याने डबा दोन्ही हातांत धरला होता.

“साहेब,” प्रणित मधे पडला, “ही प्रॉपर्टी आहे. म्हणजे, सिनेमाचं सामान. सगळं स्क्रिप्टमधलं. हे दोघं परग्रहावरचे आहेत, कथेत. तुम्ही म्हणाल तर स्क्रिप्ट दाखवतो.”

“स्क्रिप्टमध्ये मुर्शिदाबाद आहे?”

फौजदारांनी अर्ज सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

“हे अक्षर कोणाचं?”

“माझं,” मी म्हणाले.

“तुम्ही?”

“वसुधा नेहेते. पदार्थविज्ञान शिकवते.”

“अच्छा. सायन्सच्या मॅडम.” त्यांनी खुर्चीतून उठून मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. “मग तुम्हीच सांगा, मॅडम. ही माहिती खरी की बनवलेली?”

रोशनारा माझ्याजवळ आली. तिने माझ्या कोटाची बाही धरली. “मॅडम, सिनेमा आहे म्हणून सांगा ना. एवढंच सांगा.”

तेवढंच होतं. दोन शब्द. प्रणित माझ्याकडे बघत होता, भट्टीवरचे नऊ जण माझ्याकडे बघत होते. मोतालेब बघत नव्हता. तो राखेकडे बघत होता.

“खरी आहे,” मी म्हणाले. “त्यांनी सांगितल्याप्रमाणे आणि नकाशाप्रमाणे.”

माझ्या बाहीवरचा हात सुटला.

“नकाशा मॅडमनी पाहिला,” रोशनारा फौजदारांना म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, ती फक्त समजावून सांगत होती. “मी दुसरं सांगितलं होतं. ते खाली आहे बघा, रेघेखाली. वाचता येतं.”

“ते ठाण्यात बघू,” फौजदार म्हणाले. “मुलंबाळं?”

“मुलगी. शाळेत आहे. साडेपाचला सुटते.”

“तिला घेऊनच जाऊ. एकटी कशाला ठेवायची?” हे त्यांनी दयेने म्हटलं होतं.

दोघं जीपकडे चालू लागले. कपडे बदलायला कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पुढे शिपाई, मग मोतालेब, मग रोशनारा. शिपाई दोनदा फसला. ती दोघं सपाट पावलं टाकत, बदकांसारखी, न फसता चालली होती. मी टेबलाजवळ उभी होते. मग मला काय झालं ठाऊक नाही, मी त्यांच्या मागे पळाले. काय सांगणार होते तेही ठाऊक नाही. टाच पडली, खपली फुटली आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

आवाज ऐकून रोशनारा वळली. मला तशी बघून तिच्या तोंडून आधी जे निघायचं तेच निघालं.

“अख्खा पाय, मॅडम! अख्खा!”

मग तिला आठवलं असावं. ती वळली आणि बांध चढून गेली.

प्रणितने मला ओढून काढलं. चप्पल आतच राहिली. आजपर्यंत तो त्याबद्दल माझ्याशी काही बोललेला नाही.

त्यांना नऊ दिवस तालुक्यातल्या एका सभागृहात ठेवलं होतं. मग कुठेतरी नेलं. मुकादमाने दोन महिन्यांनी सांगितलं, सीमेवर सोडलं म्हणे, पहाटेच्या वेळी, नदी ओलांडून. मर्जिनाची परीक्षा त्या नऊ दिवसांतच होती. वर्गशिक्षिकेने तिचं प्रवेशपत्र बरेच दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. पलीकडे त्यांचं कोणी नव्हतं. तिथल्या लोकांनी त्यांना काय विचारलं असेल, ते मला सांगता येईल. जन्मठिकाण.

फिल्मला राज्यपातळीवर बक्षीस मिळालं. परीक्षकांनी ‘गाव तिथंच होतं, नदी फिरली’ या वाक्याचा खास उल्लेख केला. आणि माझा. एकाने लिहिलं होतं की कारकुनाच्या भूमिकेतल्या बाईंनी यंत्रणेचा थंडपणा विलक्षण संयमाने दाखवला आहे. कॉलेजात अजूनही दर विज्ञानदिनाला ती फिल्म दाखवतात. मी पहिल्या रांगेत बसते. शिक्का पडतो तेव्हा मुलं दचकतात.

सहकाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणायचे, मला खोटं बोलता येत नाही, स्वभावच आहे. लोकांना ते पटायचं. एकदा प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये सचोटीचं उदाहरण म्हणून ते सांगितलं होतं. मी मान खाली घातली. ती नम्रता समजली गेली.

पण वर लिहिताना मी एक गोष्ट गाळली आहे. रेघ न मारता गाळली आहे, म्हणून ती आता लिहिते. ‘खरी की बनवलेली’ असं विचारण्याआधी फौजदारांनी तो अर्ज माझ्यासमोर धरला होता आणि गोल शिक्क्यावर बोट ठेवलं होतं. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, “मॅडम, माहिती बनवलेली असेल तर हा बनावट सरकारी कागद झाला. तो करणाऱ्यावर कलम लागतं. कॉलेजला कळवावं लागेल. माहिती खरी असेल तर काय, तुम्ही आम्हाला मदतच केली.”

मग त्यांनी मोठ्याने विचारलं. मला उत्तर द्यायला चार-पाच सेकंद लागले. त्या सेकंदांत मी रोशनाराचा विचार केला नाही. मी माझ्या नोकरीचा विचार केला. विभागप्रमुखाची जागा जूनमध्ये रिकामी होणार होती, त्याचा केला. नकाशा, अचूकपणा, स्वभाव, हे सगळं मला नंतर सुचलं. बाहीवर तिचा हात होता आणि तो मला जड वाटत होता.

तीन वर्षांपूर्वी एका उजळणी वर्गासाठी मी दुसऱ्या विद्यापीठात गेले होते. जेवणाच्या सुट्टीत भूगोल विभागात शिरले. तिथे लोखंडी कपाटांत जुने नकाशे आहेत, लांब, सपाट खणांत. मी कारकुनाला जिल्हा सांगितला. तो खण ओढत गेला. सर्वेक्षण १९७९ ते ८०.

नदी होती. पण ती मोबाइलवर पाहिली होती त्या जागी नव्हती. बरीच पूर्वेला होती. आणि तिच्या अलीकडे, चांगलं आत, शेतांच्या मधोमध ते नाव होतं. त्याच्याजवळ मशिदीची खूण होती. शाळेची खूण होती. सीमारेषा तिथून वीतभर दूर होती. मी पिशवीतून मोजपट्टी काढली आणि अंतर मोजलं. नदीच्या काठापर्यंत साडेतीन किलोमीटर. पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

जन्मवर्ष १९८१, मी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. हा नकाशा कपाटात होता. त्या दिवशी शेडखाली बसून, चूक कशाला ठेवायची, असं म्हणण्याआधी मी एक पत्र लिहिलं असतं तरी पंधरा दिवसांत मला त्याची प्रत मिळाली असती.

“प्रत काढायची का, मॅडम?” कारकुनाने विचारलं.

“काढा.”

त्याने नोंदवही पुढे केली. तारीख, नाव, नकाशाचा क्रमांक, कारण. मी कारणाच्या रकान्यात ‘जन्मठिकाण’ असं लिहिलं. त्याने ते उलटं वाचलं.

“सापडलं का?”

“हो,” मी म्हणाले. “होतं तिथंच होतं.”

शेवटचा रकाना ‘प्रत कोणासाठी’ असा होता. पेन त्यावर बराच वेळ धरून मी उभी राहिले. मागे दोन विद्यार्थी थांबले होते. कारकून म्हणाला, “मॅडम, एक रकाना राहिला.”

“राहू द्या,” मी म्हणाले, आणि वही तशीच परत दिली.